ताकेशिता 159 सेंटिमीटरची होती, मग उंची लागतच नाही का?

एका वडिलांनी विचारलेला प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. मुलगी नववीत आहे, उंची 157 सेंटिमीटर, शाळेच्या व्हॉलीबॉल संघात सेटर, म्हणजे मारणाऱ्या मुलीला (स्पायकरला) चेंडू वर उचलून देणारी; त्या देण्यालाच 'सेट' म्हणतात. निवड चाचणीत "हात छान आहेत, पण उंची कमी पडते" असं ऐकून परत आली. तिच्या सरांनी लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या रांगेत बचाव करणारी खेळाडू, व्हायला सुचवलं. त्यानंतर तिनं मोबाइलवर जपानच्या योशिए ताकेशिताचे व्हिडिओ शोधून काढले आणि आता ती हटून बसली आहे: 159 सेंटिमीटरची बाई जागतिक स्पर्धेत सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरते, तर मी का नाही? वडिलांना दोन गोष्टी हव्या आहेत. ही ताकेशिता एवढी वर्षं टिकली कशी, आणि तिच्या उदाहरणावर भरवसा ठेवून मुलीची पुढची चार वर्षं याच जागेवर घालावीत का.

मी स्वतः सेटर होतो (आमच्या वेळी मैदानावर सगळे लिफ्टरच म्हणायचे) आणि बरीच वर्षं मुलींना शिकवतो आहे, बहुतेक मातीच्या मैदानावर. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी पालक हाच प्रश्न घेऊन येतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. ताकेशिताच्या कारकीर्दीवरून "उंची लागत नाही" असं सिद्ध होत नाही. बुटक्या सेटरची किंमत संघाला मोजावी लागते, जपाननं ती मोजली, आणि ताकेशितानं त्या बदल्यात असं काही दिलं की तो सौदा परवडला. तुमच्या मुलीनं व्हिडिओ जरूर पाहावेत, पण त्यात तिची उंची सोडून बाकीचं बघावं.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथं बसून ठरवता येणार नाहीत. मुलीची वाढ अजून किती शिल्लक आहे? पाळी सुरू होऊन दोनेक वर्षं झाली असतील तर फार नाही, नुकतीच सुरू झाली असेल तर अजून काही सेंटिमीटर मिळतील. तिच्या संघात पहिला पास देणाऱ्या, म्हणजे समोरून आलेला चेंडू उचलून सेटरपर्यंत पोचवणाऱ्या मुली कशा आहेत? तिचे सर तिच्यासाठी रचना बदलतील का? तिला स्वतःला सेटर व्हायचं आहे, की फक्त लिबेरो व्हायचं नाही? यातला शेवटचा प्रश्न तिला एकदा शांतपणे विचाराच.

आता ताकेशिता. जन्म 1978 चा, क्युशू बेटावरच्या किताक्युशू शहरातला. शाळा संपल्यावर 1996 मध्ये ती एनईसी कंपनीच्या संघात, रेड रॉकेट्समध्ये दाखल झाली. जपानचं महिला व्हॉलीबॉल मुळात कंपन्यांनी वाढवलं. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला सरळ तीन सेटमध्ये हरवून सुवर्ण जिंकणारा संघ जवळजवळ पूर्णपणे निचिबो या कापड कंपनीच्या काइझुका इथल्या गिरणीतल्या मुलींचा होता. त्यांचे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु यांनी मुलींना अंग झोकून, कोलांटी घेऊन, चेंडू उचलून लगेच उभं राहायला शिकवलं. उंची नाही, मग चेंडू जमिनीवर पडूच द्यायचा नाही, हा विचार तिथून आला आणि जपानी मुलींच्या अंगात भिनला. हे सांगतोय ते उगाच नाही. ताकेशिता ज्या संघात खेळली तिथं आजूबाजूच्या पाचही जणींना बचाव येत होता. बुटक्या सेटरला अशा घरातच जागा मिळते.

1999-2000 च्या हंगामात एनईसीनं लीग जिंकली, म्हणजे देशात ती उत्तम सेटर होतीच. आणि त्याच वर्षी, जून 2000 मध्ये, टोकियोतच झालेल्या पात्रता स्पर्धेत जपानचा संघ सिडनी ऑलिंपिकला मुकला. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकवर जपाननं बहिष्कार टाकला होता, ती गोष्ट वेगळी. पण खेळून पात्र न ठरण्याची जपानच्या मुलींची ही पहिलीच वेळ. सुवर्ण जिंकलेल्या देशात, घरच्या प्रेक्षकांसमोर हे घडलं. कुणावर तरी खापर फुटणारच होतं आणि ते सगळ्यात बुटक्या मुलीवर फुटलं. एवढ्याशा सेटरला घेऊन जगाशी खेळता येत नाही, असा सूर लागला.

मी इथं थोडा थांबतो, कारण टीका कठोर होती, पण पूर्ण खोटी नव्हती. त्यामागचं गणित समजलं नाही, तर ताकेशितानं पुढे काय केलं तेही समजणार नाही.

महिलांचं नेट 2.24 मीटर. 159 सेंटिमीटरच्या मुलीचा हात टाचा न उचलता साधारण दोन मीटरच्या आसपास पोचतो. म्हणजे उडी मारण्याआधीच ती वरच्या पट्टीपासून वीतभर खाली आहे. ब्लॉकमध्ये, म्हणजे नेटजवळ उडी मारून समोरचा फटका अडवताना, हात नुसते पट्टीच्या वर येऊन भागत नाही, ते पलीकडे झुकावे लागतात. खेळाडूंच्या जागा आळीपाळीनं फिरतात, त्याला रोटेशन म्हणतात; सेटर सहापैकी तीन रोटेशनमध्ये पुढच्या रांगेत असते, आणि बहुधा उजव्या बाजूला, म्हणजे समोरच्या संघाच्या चार नंबरवरून (त्यांच्या पुढच्या रांगेतल्या डाव्या जागेवरून) मारणाऱ्या मुलीसमोर. ती मुलगी बहुतेक वेळा त्यांची सगळ्यात भरवशाची स्पायकर असते. ती सेटरच्या डोक्यावरून मारते, सरळ. चिनी संघाची फेंग कुन 183 सेंटिमीटरची होती; तिच्यासारखी सेटर तिथं असली की हा प्रश्नच उभा राहत नाही.

दुसरा तोटा पालकांच्या लक्षात येत नाही, तो ब्लॉकपेक्षाही महागात पडतो. पुढच्या रांगेत उंच सेटर असली की ती दुसऱ्याच टचला चेंडू पलीकडे टाकू किंवा मारू शकते. त्यामुळे समोरच्या मधल्या ब्लॉकरला तिच्यावर क्षणभर तरी नजर ठेवावीच लागते. सेटर बुटकी असेल तर ती नजर मोकळी होते. पुढे दोनच स्पायकर, आणि त्यांना अडवायला तीन ब्लॉकर. तिसरा तोटा नेटला चिकटून आलेल्या पासचा: उंच सेटर एका हातानं तो वरून काढते, बुटकीच्या तो डोक्यावरून पलीकडे जातो आणि समोरची मुलगी फुकटात मारते.

निवड समितीवरची माणसं "उंची कमी पडते" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात हे तीन तोटे असतात, जरी ते तसं फोड करून सांगत नाहीत. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. विचारायचं ते हे की, या तिन्हींची भरपाई कशातून होईल?

ताकेशिताकडे 2000 साली ते उत्तर पूर्ण तयार नव्हतं, आणि कुणी विचारतही नव्हतं. 2002 मध्ये तिनं एनईसी सोडलं. खेळच सोडायचा, असं तिनं ठरवलं होतं. तेव्हा ती 24 वर्षांची होती. मग जेटी, म्हणजे जपान टोबॅको कंपनीच्या संघानं तिला बोलावलं. जेटी मार्व्हलस तेव्हा दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. राष्ट्रीय संघाची सेटर खालच्या लीगमध्ये जाते, हे आपल्याकडे अपमान मानतील. तिला मात्र तिथं रोज पूर्ण सामना खेळायला मिळाला आणि संघ तिच्याभोवती बांधला गेला. तुमच्या मुलीच्या बाबतीत हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोठ्या संघाच्या बाकावर बसण्यापेक्षा लहान संघात प्रत्येक चेंडू हातातून जाणं सेटरला जास्त शिकवतं. स्पायकर बाकावर बसून थोडंफार शिकते. सेटर बाकावर बसून काहीच शिकत नाही.

2003 मध्ये शोइची यानागिमोतो राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. त्यांनी ताकेशिताला परत बोलावलं, तिशी ओलांडलेल्या तोमोको योशिहाराला कर्णधार केलं आणि मेगुमी कुरिहारा व काना ओयामा या विशीच्या आतल्या दोन उंच मुलींना पुढे आणलं. उंची आक्रमणात घेतली, सेटरच्या जागी हात आणि डोकं घेतलं. 2004 मध्ये जपान अथेन्सला पात्र ठरला आणि पाचव्या स्थानावर राहिला. 2008 च्या बीजिंगमध्येही पाचवा. मधल्या काळात योशिहारानंतर कर्णधारपद ताकेशिताकडे आलं, आणि 2006 ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जपानमध्ये झाली तेव्हा ती स्पर्धेची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. गंमत अशी की, जपान त्या स्पर्धेत सहावा आला होता! विजेत्या रशियाच्या संघात दोन मीटरच्या आसपासच्या मुली होत्या. सहाव्या आलेल्या संघातल्या, मैदानातल्या सगळ्यात बुटक्या मुलींपैकी एकीला हा मान मिळाला. यजमान देशाबद्दलचं कौतुक त्यात थोडं मिसळलं असेल, असं म्हणणारे आहेत. मी ते फार मनावर घेत नाही, पण तुमच्या मुलीनं या एका बक्षिसावर सगळी इमारत उभी करू नये. माझ्या मते तिचं खरं मोठेपण त्यानंतरच्या सहा वर्षांत आहे.

मग ती भरपाई कशी करायची? व्हिडिओ हळू करून पाहा. चेंडू तिच्या हातात येतो तेव्हा ती बहुतेक वेळा हवेत असते. उभ्यानं सेट करण्याऐवजी उडी मारून सेट केल्यानं चेंडू वरच्या वर पकडला जातो, नेटला चिकटलेला पासही काही वेळा वाचतो, आणि मुख्य म्हणजे चेंडू हातातून सुटून स्पायकरच्या हातापर्यंत पोचायला कमी वेळ लागतो. ब्लॉकरला बाजूला सरकायला जो अर्धा-पाऊण सेकंद हवा असतो, त्यातलाच तुकडा ती कापून घेते. तिन्ही ब्लॉकर मोकळे असले तरी पोचले नाहीत तर त्यांचा उपयोग काय?

हे करायला पाय लागतात. पास वाईट आला तरी ती चेंडूखाली आधीच उभी असते, धावत पोचून हात वर करत नाही. मी नवीन मुलीची परीक्षा अशीच घेतो. नेटपासून दोन-तीन मीटर मागे, मुद्दाम वेडावाकडा चेंडू टाकतो आणि हाताकडे बघतच नाही, पायाकडे बघतो. शेवटचं पाऊल पडून उजवा पाय किंचित पुढे स्थिरावला आणि मग चेंडू आला, की मुलगी सेटर आहे. चेंडू आला आणि पाऊल अजून पडतंय, तर हात कितीही मऊ असले तरी सेट हलणार. आणि मग कानानं ऐकतो. चांगल्या सेटच्या वेळी बोटांचा आवाज जवळजवळ येत नाही. थपकन आवाज आला की तळवा लागला. ताकेशिताच्या जुन्या सामन्यांत समालोचन बंद केलं तरी प्रेक्षकांचा गोंगाट असतो, तेव्हा ते ऐकू येणार नाही, पण चेंडू हातातून सुटताना त्याचं फिरणं बघा. जवळपास नसतंच.

ब्लॉकची किंमत कशी चुकवायची, हे एकट्या सेटरच्या हातात नाही. संघापुढे दोन वाटा असतात. एक, तिला ब्लॉकला चढवायचंच नाही किंवा नाममात्र चढवायचं, आणि तिच्या डोक्यावरून चेंडू कुठे येणार हे आधीच माहीत असल्यामुळे तिथं सगळ्यात चांगली बचावपटू उभी करायची. घराची एक खिडकी मुद्दाम उघडी ठेवून आतल्या बाजूला दबा धरून बसण्यासारखं. जपानकडे त्यासाठी युको सानो होती, लिबेरो, तिची उंचीही 159 च्या आसपासच, आणि ती फ्रान्समधल्या कान शहराच्या क्लबकडून युरोपात खेळून आली होती. दुसरी वाट दुहेरी बदलाची: सेटर पुढच्या रांगेत आली की तिच्या जागी उंच स्पायकर घालायची आणि त्याच वेळी मागे गेलेल्या स्पायकरच्या जागी दुसरी सेटर. सेटला सहाच बदल मिळतात, म्हणून हे सारखं करता येत नाही. आक्रमणातली उणीव भरून काढायला मागच्या रांगेतून मारणाऱ्या मुली हव्यात. जपाननं साओरी किमुरा आणि युकिको एबाता यांना तीन मीटरच्या रेषेमागून इतकं मारायला लावलं की, पुढे दोन स्पायकर असल्या तरी समोरच्यांना चौघींवर लक्ष ठेवावं लागे. साओरी साकोदा तर मुख्यतः तेवढ्यासाठीच मैदानात यायची.

2009 पासून मासायोशी मानाबे प्रशिक्षक झाले. ते स्वतः जपानच्या पुरुष संघाचे सेटर होते, 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये खेळलेले. हातात आयपॅड घेऊन बाकाजवळ उभे राहणारे प्रशिक्षक म्हणून ते गाजले. कोणाच्या पासची अचूकता किती, कुठल्या रोटेशनमध्ये गुण जातात, हे आकडे चालू सामन्यात त्यांच्याकडे यायचे. बुटक्या सेटरच्या बाजूनं हे मोठंच झालं, कारण डोळ्याला फक्त ब्लॉकवरून गेलेला चेंडू दिसतो. तिच्या सेटमुळे किती वेळा स्पायकरसमोर एकच ब्लॉकर उरला, हे आकड्यांतच दिसतं. 2010 च्या जागतिक स्पर्धेत जपाननं अमेरिकेला पाच सेटमध्ये हरवून कांस्य मिळवलं. या स्पर्धेतलं 1978 नंतरचं त्यांचं पहिलं पदक.

याच सुमारास जेटीमध्ये एक वेगळीच जोडी जमली. कोरियाची किम यॉन-क्युंग, उंची 192, 2009 ते 2011 या काळात जेटीकडून खेळली. ताकेशिता सेट करायची, किम मारायची. 2009-10 च्या हंगामात त्या संघानं सुरुवातीपासून सलग 25 सामने जिंकले, आणि अंतिम सामन्यात तोरे संघाकडून हरला. पुढच्या हंगामात, मार्च 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर लीग अर्ध्यावर थांबवली गेली आणि तेव्हा अव्वल असलेल्या जेटीला पहिलंवहिलं विजेतेपद देण्यात आलं. दुसऱ्या श्रेणीतून वर आलेला संघ, नऊ वर्षांनी. मला हे विजेतेपद जरा अपुरं वाटतं, तिलाही वाटलं असेल. पण त्या वसंतात कुणी त्याबद्दल बोललं नसेल.

आणि मग लंडन, 2012. ती 34 वर्षांची. स्पर्धेआधी सरावात तिच्या डाव्या हाताच्या बोटाचं हाड मोडलं होतं, हे पदक मिळाल्यावर बाहेर आलं. सेटरला बोट मोडणं म्हणजे काय, हे सेटरलाच कळेल. प्रत्येक रॅलीत किमान एकदा चेंडू त्या बोटावर येतो. (हे वाचून कुणी मोडक्या बोटानं मुलीला खेळवू नका. शाळेच्या स्पर्धेसाठी तर अजिबात नाही. ती ऑलिंपिकमधली शेवटची संधी होती, भोवती डॉक्टर होते, निर्णय तिचा होता.)

उपांत्यपूर्व फेरीत चीनविरुद्ध 28-26, 23-25, 25-23, 23-25, 18-16. पाचही सेट दोन-दोन गुणांनी. मग ब्राझीलकडून सरळ हार. आणि कांस्यपदकाच्या सामन्यात समोर कोरिया, म्हणजे पलीकडे किम, जिला दोन हंगाम तिनंच सेट दिले होते आणि जी त्या ऑलिंपिकची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. जपान 25-22, 26-24, 25-21 असा जिंकला. 1984 च्या लॉस एंजेलिसनंतर 28 वर्षांनी जपानी मुलींना ऑलिंपिक पदक. त्या संघातली दुसरी सेटर हितोमी नाकामिची, तीही 159 सेंटिमीटर! म्हणजे मानाबेंनी दोन्ही सेटर बुटक्या नेल्या. हा योगायोग नाही. रचनाच तशी होती, त्यामुळे बदली खेळाडूही त्याच साच्यातली हवी होती.

2013 मध्ये तिनं अधिकृत निवृत्ती घेतली. 2016 मध्ये मानाबेंच्या पुढाकारानं हिमेजी शहरात व्हिक्टोरिना हा नवा संघ उभा राहिला, तेव्हा त्याची पहिली प्रशिक्षक तीच झाली.

आता मुलीच्या हट्टाला उलट बाजूनं बघू. ताकेशितानंतर जपाननं काय केलं? 2016 च्या रिओ ऑलिंपिकला हारुका मियाशिता मुख्य सेटर होती, 170 च्या बरीच वर उंची. त्यानंतरच्या मुख्य सेटरही बहुतेक 170 च्या पुढच्याच. ज्या देशाला बुटक्या सेटरला घेऊन पदक मिळालं, त्या देशानंही नंतर मुख्यतः उंच सेटर शोधल्या. कारण साधं आहे: ताकेशिताएवढे हात असलेली मुलगी शोधण्यापेक्षा, बऱ्यापैकी हात असलेली उंच मुलगी घडवणं सोपं. जगात 160 च्या आतल्या कितीतरी सेटर शाळेच्या, कॉलेजच्या संघांत खेळून गेल्या असतील; आपल्याला नावं एक-दोघींचीच ठाऊक आहेत. तुमच्या मुलीला हे सांगा, पण "म्हणून सोड" असं म्हणू नका.

मी तुमच्या जागी असतो तर आज सेटर की लिबेरो हा निर्णय घेतलाच नसता. नववीत तो घ्यायची गरज नाही. दोन्हीला पाया एकच लागतो: चेंडूखाली लवकर पोचणारे पाय, स्वच्छ पहिला पास, आणि बचावात खाली बसण्याची सवय. सेटर म्हणून खेळतानाच रोज सर्व्हिस-रिसीव्ह करून घ्या. लिबेरो झाली तरी सेटरचे हात वाया जात नाहीत, कारण सेटरनं पहिला चेंडू उचलला की दुसरा सेट करायला लिबेरोच धावते. फक्त एक नियम तिच्या डोक्यात बसवा: लिबेरोनं पुढच्या भागात उभं राहून बोटांनी वरून सेट दिला, तर तो चेंडू नेटच्या पट्टीच्या वरून मारता येत नाही. म्हणून लिबेरो मागून उडी घेऊन तीन मीटरच्या रेषेवरून सेट देतात, आणि तिथं सेटर राहिलेली मुलगी इतरांपेक्षा सरस ठरते. एक सावधगिरीही सांगतो: लिबेरोची जागा मोकळी पडलेली नसते. उंचीमुळे मागे राहिलेल्या सगळ्याच मुली तिकडे वळतात, तेव्हा तिथली स्पर्धा सोपी आहे असं समजू नका.

उडी मारून सेट करायला तिनं आत्तापासून शिकावं, पण मैदान बघून. आपल्या कडक मातीवर किंवा सिमेंटवर रोज शेकडो उड्या मारल्या की वर्षभरात नडगी आणि गुडघे बोलायला लागतात. जपानी मुली लाकडी किंवा गादीसारख्या कृत्रिम जमिनीवर सराव करतात. माझ्याकडच्या मुलींना मी उड्यांचा सराव आठवड्यातून दोन-तीनदाच आणि मर्यादित देतो; बाकी दिवस भिंतीवर, गुडघ्यावर बसून आणि पळत जाऊन सेट. भिंतीवर खडूनं ताटाएवढं वर्तुळ काढून त्यात सलग चेंडू ठेवायला लावा. कंटाळवाणं आहे, पण बुटक्या सेटरला अचूकतेत सूट मिळत नाही. उंच मुलीचा सेट अर्धा फूट हलला तर तिचा ब्लॉक तो गुण परत आणतो. हिच्याकडे तो मार्ग नाही.

सर्व्हिसही याच हिशोबात येते. बुटक्या सेटरला मैदानात ठेवायचं तर तिची सर्व्हिस अशी हवी की समोरचा पहिला पास बिघडलाच पाहिजे. पास बिघडला की समोरच्यांचं आक्रमण अंदाजात येतं आणि ब्लॉकमधली तिची उणीव झाकली जाते. तरंगणारी, दोन मुलींच्या मधोमध पडणारी सर्व्हिस शिकवा. जोर नको, जागा हवी.

पुढच्या चाचणीआधी तिच्या सरांशी बोला. "हिला सेटरच ठेवा" असं सांगायला जाऊ नका, वेगळं विचारा: ही पुढच्या रांगेत असताना आपला संघ काय करतो? दुहेरी बदल करता येईल अशी दुसरी मुलगी आहे का? मागून मारणारी कोण आहे? सरांनी यावर विचार केला असेल तर तुमची मुलगी सुरक्षित हातात आहे. केला नसेल आणि करायची तयारीही नसेल, तर दुसऱ्या, कदाचित लहान, संघात जाण्यात कमीपणा नाही. आणि नोकरीचा विचार मनात असेल, जो बहुतेक पालकांच्या असतोच, तर लक्षात घ्या की खेळाडू कोट्यातल्या भरतीत चाचणी आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं बघतात. कुठल्या जागेवर खेळून प्रमाणपत्र मिळवलं, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

मुलीला एक काम द्या. लंडनचा चीनविरुद्धचा तो पाच सेटचा सामना शोधून काढा. पहिल्यांदा नुसता बघू दे. दुसऱ्यांदा चेंडूकडे न बघता फक्त जपानच्या 3 नंबरकडे बघायला सांगा, आणि वहीत दोन गोष्टी लिहू द्या: ताकेशिता पुढच्या रांगेत असताना चेंडू कुणाकडे गेला, आणि पास वाईट आल्यावर कुणाकडे गेला. पाच सेटची नोंद झाली की ती वही आणि तिच्या स्वतःच्या एका सामन्याचा, मैदानाच्या मागच्या बाजूनं काढलेला व्हिडिओ इथं टाका. बाजूनं काढलेला नको, त्यात पाय दिसत नाहीत.